तुम्ही विचारलंत म्हणून: दुसऱ्याचा कोड वाचायचा कसा?

‘चांगला ओपन सोर्स कोड वाचा असं सगळेच सांगतात, पण रेपॉझिटरी (प्रोजेक्टच्या कोडचं भांडार) उघडल्यावर नेमकं करायचं काय?’ हा प्रश्न नेहमी येतो. आधी प्रश्न ठरवा, मग फाइल उघडा. मेन फंक्शनपासून ओळीने वाचायला बसलात तर सगळा वेळ कॉन्फिगरेशन आणि लॉगिंगमध्येच जातो.

प्रश्न छोटा हवा. उदाहरणार्थ, रेडिस हा डेटा मेमरीत ठेवणारा डेटाबेस घ्या. त्याचं हॅश टेबल (‘की’ म्हणजे नावावरून नोंद पटकन शोधून देणारी रचना) मोठं करायची वेळ आली, तर त्यातल्या लाखो नोंदी हलवायच्या कशा? कमांड एकाच थ्रेडवर, म्हणजे एकामागून एक चालतात. सगळं एका दमात हलवलं तर तेवढा वेळ सगळे क्लायंट ताटकळतील. तुमचं उत्तर कागदावर लिहा आणि मगच रेडिसच्या कोडमधली ‘डिक्ट डॉट सी’ ही फाइल उघडा. तिथे दोन टेबलं एकाच वेळी जिवंत असतात. शोधताना, भरताना जुन्यातलं एखादं बकेट (टेबलातला नोंदींचा एक कप्पा) नव्यात सरकवलं जातं. तोवर शोध दोन्हीकडे, पण नवी नोंद फक्त नव्या टेबलात. का? सरकवणं पुढेच जातं, मागे वळत नाही. ओलांडलेल्या बकेटमध्ये नोंद टाकली तर ती तिथेच अडकेल आणि जुनं टेबल कधीच रिकामं होणार नाही. इथे घाई करू नका, हे कारण स्वतःला सापडायला हवं.

मग ‘नवी नोंद फक्त नव्या टेबलात’ हीच अट कोडमध्ये मुद्दाम बिघडवा आणि टेस्ट चालवा. (त्यासाठी प्रोजेक्ट आधी बिल्ड झालेला हवा, बहुतेक जण इथेच कंटाळतात.) एकही टेस्ट पडली नाही तर ती चूक पकडणारी टेस्ट तुम्ही लिहा.

एखादी ओळ विचित्र वाटली की लगेच नावं ठेवू नका, इतिहास बघा. गिट हे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, आणि कमिट म्हणजे त्यात नोंदवलेला एक बदल. ओळ शेवटची कोणी बदलली ते सांगणारा गिट ब्लेम बऱ्याचदा फक्त इंडेंटेशन बदलणारी कमिट दाखवतो. अशा वेळी गिट लॉग या कमांडला कॅपिटल ‘-एस’ (-S) हा पर्याय आणि फंक्शनचं नाव द्या. ते नाव कोणत्या कमिटमध्ये आलं आणि कुठे गेलं ते कळतं. कारण अनेकदा कमिट मेसेजमध्येच लिहिलेलं असतं.

प्रोजेक्ट अवाढव्य असेल तर त्याची जुनी आवृत्ती घ्या. गिटची एप्रिल 2005 मधली पहिली कमिट हजारेक ओळींची आहे, तरी ऑब्जेक्ट डेटाबेसची (गिट फाइलींचा मजकूर आणि इतिहास जिथे साठवतं त्याची) मूळ कल्पना तिच्यात पूर्ण दिसते. सी भाषा येत नसेल तर पायथॉनचं ‘हीपक्यू’ वाचा, म्हणजे सर्वात लहान घटक कायम वर ठेवणाऱ्या ‘हीप’ या झाडासारख्या रचनेचं मॉड्यूल. सर्वात लहान घटक काढल्यावर रिकाम्या जागी आलेला घटक आधी थेट तळापर्यंत नेऊन मग वर का आणतात, याचा कागदावर अंदाज बांधा. उत्तर त्याच फाइलमधल्या कॉमेंटमध्ये आहे: त्यामुळे तुलना कमी लागतात.