सत्तर दिवस: ६१ गोल, २४ फुल्या

इगतपुरीहून विपश्यना ध्यानाचं दुसरं दहा दिवसांचं शिबिर करून आले, त्याला आज सत्तर दिवस झाले. घरी गेल्यावर सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसा, असं तिथे सांगतात. पहिल्या शिबिरानंतर मी तेवढंच धरून बसले होते आणि अठराव्या दिवशी सगळं बंद पडलं. यंदा हिशोब कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांशेजारी. सकाळची बैठक झाली की गोल, संध्याकाळची झाली की फुली.

सकाळ जमली, त्यात माझी हुशारी फारशी नाही. उशी रात्रीच हॉलच्या कोपऱ्यात मांडून ठेवते आणि मोबाइल ओट्यावर. आधी धम्मगिरीची, म्हणजे इगतपुरीच्या केंद्राची, घंटा चारला होते म्हणून घरीही चारचाच गजर लावायचे. पण तिथे साडेनऊला झोपायला जातात आणि आमच्याकडे भांडी आवरेपर्यंत अकरा! आता पाच दहाला बसते. सव्वासहाला नळाला पाणी येतं, त्यामुळे तास लांबवण्याचा मोह आपोआप टळतो.

घोळ झाला तो अधिष्ठानात. शिबिरात विपश्यना शिकवल्यावर सामूहिक साधनेच्या तिन्ही तासांना हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. मी घरी तेच ध्येय ठेवलं. तिसऱ्या आठवड्यात एकदा तासभर खरंच हलले नाही आणि दिवसभर हवेत होते. दुसऱ्या दिवशी विसाव्या मिनिटाला गुडघा असा ठणकला की पुढची चाळीस मिनिटं मी अंगातल्या संवेदना बघत नव्हतेच, घड्याळाची वाट बघत होते. सुखद असो की दुःखद, समतेनं बघा, हे दहा दिवस रोज ऐकलं आणि घरी येऊन गुडघ्याचीच परीक्षा घेत बसले. त्या दिवसापासून वहीतला ‘न हलता किती मिनिटं’ हा रकाना खोडला. बसले की नाही, एवढंच लिहिते.

दुसरा बदल आनापानाचा, म्हणजे श्वास बघण्याचा. शिबिरात तीन दिवस फक्त श्वास बघितल्यावर मन जरा थाऱ्यावर येतं. इथे डब्याची भाजी डोक्यात घेऊन बसल्या बसल्या मन डोक्यापासून पायापर्यंत फिरवायला गेले की हाती काही लागत नाही. आता पहिली वीस मिनिटं श्वासच. कधी पूर्ण तासही जातो त्यात, तरी गोल काढते.

संध्याकाळचे आकडे लाजिरवाणे आहेत. कामावरून येऊन, स्वयंपाक करून नऊला बसायचे तेव्हा सरळ डुलकी लागायची. दोन आठवड्यांपूर्वी सासूबाईच म्हणाल्या, “अगं, मी सातला हरिपाठाला बसते, तेव्हाच तूही आत बस ना. कुकर नंतर लावू.” चौदा दिवसांत अकरा फुल्या! पहिल्या दिवशी त्यांनी टाळ बाजूला ठेवले होते. मी म्हटलं, “आई, वाजवा तुम्ही.” टाळ ऐकू येतातच, मन तिकडे जातंच, मग परत श्वासावर.

सतिपट्ठान या पुढच्या पायरीच्या शिबिराला तीन दहा दिवसांची शिबिरं आणि किमान वर्षभराचा नियमित सराव लागतो. म्हणजे माझं एक शिबिर आणि बरेच महिने बाकी. त्याआधी गोराईच्या पॅगोडात जुन्या साधकांचं एक दिवसाचं शिबिर करायचंय. डोंबिवलीहून बोरिवली, पुढे खाडीतली बोट; सकाळी वेळेत पोचायचं तर त्या दिवशी मात्र चारचाच गजर.