बीमएनजीमध्ये तीनचाकी बांधताना: जेबीमचा माझा अनुभव

बीमएनजी.ड्राइव्ह या गाड्यांच्या सिम्युलेशन गेममध्ये गाडी म्हणजे नोड (बिंदू) आणि बीम (त्यांना जोडणाऱ्या दांड्या). नोडला वजन असतं, बीमला ताठरपणा आणि डॅम्पिंग (थरथर शमवणारा विरोध). वरचं थ्रीडी मॉडेल नुसता मुलामा. मी रिक्षाच्या आकाराची तीनचाकी बांधायला घेतली. हे नोड-बीम जिथे लिहायचे ती जेबीम ही साधी टेक्स्ट फाइल: नोडचं नाव, मग मीटरमध्ये एक्स, वाय, झेड. एक्स डावीकडे वाढतो, वाय मागे, झेड वर. आठ नोडच्या ठोकळ्याला 12 कडा पुरत नाहीत, किमान 6 कर्ण लागतातच.

खरा वेळ खाल्ला तो गाडी लोड होताच फुटण्याने. नोड थरथरतात आणि क्षणात सांगाडा आभाळात! कारण निव्वळ गणिती आहे. फिजिक्स सेकंदाला 2000 वेळा मोजलं जातं, म्हणजे एक पायरी 0.0005 सेकंदाची. अर्ध्या-अर्ध्या किलोच्या दोन नोडमध्ये 40 लाख न्यूटन प्रति मीटरचा एकच बीम टाकला, तरी आपण स्थिरतेच्या अगदी काठावर येतो, त्यापुढे हिशेबच फुटतो. इथे तर एकेका नोडला दहा-बारा बीम येऊन मिळतात. म्हणून हलक्या पत्र्याला चासीचा बीमस्प्रिंग (बीमच्या ताठरपणाचा आकडा) लावायचाच नाही. चासीचे नोड 4 किलोंचे ठेवले, छपराचे 0.6 किलोचे, आणि छपराचा स्प्रिंग 3 लाखांवर आणला. थरथर दिसली की हात आपोआप डॅम्पिंग वाढवायला जातो, पण तिथेही अशीच मर्यादा आहे. अति झालं की डॅम्पिंगच गाडी फोडतं.

दुसरी गोम अशी की जेबीममध्ये एकदा लिहिलेला आकडा बदलेपर्यंत खालच्या सगळ्या ओळींना लागू राहतो. सस्पेन्शन तुटू नये म्हणून बीमस्ट्रेंग्थ (बीम तुटण्याची मर्यादा) एफएलटी_मॅक्स, म्हणजे जवळजवळ अमर्याद, केलं आणि नंतर खाली आणलं नाही, तर पुढचे आरसे, मडगार्ड सगळे अमर. बीमडीफॉर्म (बीम कायमचा वाकू लागण्याची मर्यादा) मात्र बीमस्ट्रेंग्थपेक्षा कमीच हवं, नाहीतर पत्रा न वाकता थेट तुटतो.

वजनाची वाटणी शेवटी. पुढे एकच चाक, त्यामुळे गुरुत्वमध्य जितका खाली आणि मागच्या आसाजवळ, तितकी गाडी वळणावर टिकते. इंजिनचे जड नोड म्हणूनच मागे, खाली. नुसतं वळण घेऊन बघणं पुरेसं नाही. वळणातच ब्रेक दाबून बघा. भार पुढच्या चाकाकडे सरकतो आणि सरळ चाचणीत शहाणी वाटलेली गाडी तिथे आडवी होते.