मेलेल्या माणसाच्या तारखा

गुरुवारी सकाळी आमच्या धंद्यात कुणी कुणाला उगाच फोन करत नाही. बार्कचे आकडे, म्हणजे कुठली मालिका किती बघितली गेली त्याची मोजणी, यायची असते. शनिवार ते शुक्रवार हा त्यांचा आठवडा, आणि त्याचा निकाल पुढच्या गुरुवारी लागतो. मी कोथरूडच्या घरात बसून एका रोजच्या मालिकेचे संवाद लिहिते. कथाविस्तार एकाकडे, पटकथा दुसऱ्याकडे, संवाद माझ्याकडे, शूटिंग ठाण्याला घोडबंदर रोडवर. अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या की बावीसेक मिनिटं उरतात. तेवढी आठवड्यातून सहा दिवस भरायची.

त्या गुरुवारी आकडा आपटला होता. समोरच्या चॅनेलने आमच्याच स्लॉटला नवी मालिका लावली होती, त्यात आमच्या नायिकेला डेंग्यू. आधी शूट करून ठेवलेल्या भागांची बँक संपत आलेली. दुपारी व्हिडिओ कॉल लागला आणि चॅनेलचा ईपी, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर, म्हणाला, "ताई, अण्णांना परत आणू या."

अण्णा म्हणजे नायिकेचे वडील. त्यांना आम्ही रीतसर मारलं होतं. पासबुक भरून घ्यायला पोस्टात गेलेला माणूस बाकावर टेकतो आणि त्याचा नंबर येतो तेव्हा उठत नाही, एवढंच. विजा नाहीत, किंकाळ्या नाहीत. नंतर मुलगी ते पासबुक उघडते, तर दर महिन्याला पाचशे रुपये काढल्याची नोंद. कशासाठी, ते कुठेच नाही. ती पानं उलटत राहते. जवळजवळ पूर्ण भाग मी बिनसंवादाचा ठेवला होता, आणि या मालिकेत माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम तेच, असं मला आजही वाटतं.

"अरे, आपण तेरावा दाखवलाय. जेवणाच्या पंगतीसकट."

"पण घरी आणल्यावर चेहरा दाखवलेला नाही. मी भाग काढून बघितला. पांढरी चादर आहे."

"आणि बाकावर?"

"ती चक्कर."

पोरगा हुशार आहे, हे मान्य करायलाच हवं. मालिका मूर्ख माणसं बिघडवतात असा लोकांचा समज असतो. त्या कॉलवर एकही मूर्ख नव्हता. निर्माता म्हणाला, सेटचं भाडं चालू आहे, स्लॉट गेला तर सगळं युनिट घरी बसेल. खरंच होतं. पटकथावाली म्हणाली, नायिका उठेपर्यंत भार उचलणारं दुसरं पात्र उरलेलंच नाही. तेही खरं. मी म्हटलं, मग पासबुकाचं काय? त्यावर कुणीच काही बोललं नाही, कारण पाचशे रुपये कुणाला जात होते हे आमच्यापैकी कुणीच ठरवलेलं नव्हतं. 'पुढे बघू' म्हणून ठेवलं होतं.

मूळ दुखणं मला तिथे दिसतं. दूरदर्शनच्या काळात तेरा भागांची मंजुरी मिळायची. लिहिणाऱ्याला तेरावा भाग डोळ्यांसमोर ठेवावाच लागे. पुढे खाजगी वाहिन्यांवर 2001 साली सुरू झालेली 'चार दिवस सासूचे' 2013 पर्यंत चालली, तीन हजारांच्या वर भाग. तिथे शेवट कोण आणि कशाला ठरवेल? अमेरिकेतल्या 'लॉस्ट'च्या मंडळींनी 2007 मध्येच चॅनेलकडून 2010 ही अखेर कबूल करून घेतली होती, तरी त्या शेवटावरून भांडणं झालीच. 'गेम ऑफ थ्रोन्स'चं गाडं छापून आलेल्या कादंबऱ्या संपल्यावर कसं घसरलं ते माझा भाचा तासभर सांगू शकतो. म्हणजे शेवट ठरवून सगळं सुटतं असंही नाही. पण निदान पासबुकातल्या नोंदीचं उत्तर तरी कुणाच्या तरी वहीत असतं.

असो. अण्णांचं काम करणाऱ्या काकांचा त्याच दिवशी बालगंधर्वला साडेपाचचा प्रयोग होता, आणि मी पुण्यात म्हणून त्यांना पटवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मध्यंतरात मी आत गेले. मेकअप कॉलरला लागू नये म्हणून गळ्याभोवती टॉवेल, पुढ्यात कागदावर बटाटेवडा, चटणी बाजूला काढलेली. मी तोंड उघडणार एवढ्यात एक जोडपं आत आलं.

"तुम्ही गेलात त्या रात्री मी ताटावरून उठले हो," बाई म्हणाल्या.

काका खूश. "मग आता काय चाललंय आमच्या घरात?"

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "आता बघत नाही आम्ही. चालू असते."

"आवाज असतो घरात," बाई म्हणाल्या. "माझी भाजी निवडून होते."

या 'चालू असते'वर आमची चूल पेटते. बार्कचा मीटर ज्या घरात असतो तिथे तो वाहिनीच्या आवाजात पेरलेली खूण पकडतो. घरच्यांनी रिमोटवर आपापलं बटण दाबायचं, झालं. डोळे पडद्यावर आहेत की मेथीच्या जुडीत, ते त्याला कळत नाही. मग लिहायचंही कानासाठी. "अहो वहिनी, म्हणजे काल रात्री तुम्हीच अण्णांचं कपाट उघडलंत?" असलं वाक्य माणसं घरात बोलत नाहीत, पण ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईला एका दमात कोण, कुणाला, काय ते कळायला हवं. पहिल्या शंभर भागांत असं वाक्य मी लिहू दिलं नसतं. आता दिवसाला वीस पानं लिहिते. पोस्टातला तो गप्प भाग ज्या आठवड्यात लागला, त्या आठवड्यात आकडा जागचा हलला नव्हता.

जोडपं फोटो काढून गेलं. मी विषय काढला. काकांनी वडा खाली ठेवला.

"किती तारखा?"

"सहा हव्यात."

"नागपूर-अमरावतीचा दौरा आहे. चार देतो, सलग. पण अगं, स्मृतिभ्रंश नको हं."

"स्मृतिभ्रंशच आहे, काका."

"मग पाठांतर तरी कमी," म्हणत त्यांनी टॉवेल काढला. तिसरी घंटा झाली.

घरी येऊन लिहायला बसले तर कलाविभागातल्या मुलाचा फोन. "ताई, हॉलमधल्या फोटोचा हार उद्याच्या सीनला काढायचा की राहू द्यायचा?" पटकथेत त्यावर अक्षर नव्हतं. मी सुनेच्या तोंडी तीन वाक्यं घालून हार काढून घेतला. तीन वाक्यं म्हणजे अर्धं मिनिट, तेवढंच पान भरलं.

पुढच्या गुरुवारी आकडा चढला. लगेच चॅनेलला अण्णा आणखी महिनाभर हवे झाले. काका विदर्भात. शेवटी अण्णांना उपचारासाठी आतल्या खोलीत बंद केलं. डॉक्टर म्हणतात, कुणी भेटायचं नाही. दौऱ्यावरून परतल्यावर काकांनी इथल्याच एका स्टुडिओत दुपारभर बसून सगळी वाक्यं रेकॉर्ड करून दिली. आठवडाभर अण्णा दाराआडून बोलत होते. आकड्यावर काही फरक पडला नाही.