बिडी, प्रभुभोजन आणि पौलाचे एक वचन

जालना जिल्ह्यातल्या आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, आवारात लिंबाचे एक जुने झाड आहे. दर रविवारी उपासनेची घंटा झाली, की माझे थोरले काका बिडीचे बंडल आणि काडेपेटी त्या झाडाच्या ढोलीत ठेवत, हौदावर दोन-तीनदा चूळ भरत आणि शेवटच्या बाकावर येऊन बसत. दोन वर्षांपूर्वी शास्त्राभ्यासाच्या वेळी एका तरुणाने ‘तुमचे शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे’ हे वचन मोठ्याने वाचले आणि त्या मंदिरात धूर करणाऱ्याने प्रभुभोजनास, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ वाटल्या जाणाऱ्या भाकरीला आणि प्याल्याला, हात लावू नये, असे सर्वांदेखत सांगितले. तेव्हापासून प्रभुभोजनाच्या रविवारी भाकर आणि प्याला फिरून होईपर्यंत काका लिंबाखालीच उभे राहतात. बिडी ओढणे हे ख्रिस्ती माणसासाठी पाप आहे का, हा प्रश्न त्यामुळे माझ्यापुरता घरातलाच आहे.

पवित्र शास्त्रात तंबाखूचा उल्लेख नाही आणि असण्याचे कारणही नाही, कारण ही वनस्पती मूळची अमेरिकेतली. १४९२ नंतर ती युरोपात पोहोचली आणि पोर्तुगिजांमार्फत दक्षिण भारतात आली. अकबराचा दरबारी असद बेग याने ती विजापुरात पाहिली आणि १६०५ च्या आसपास बादशहापुढे ठेवली. ज्याच्या नावाने १६११ चे इंग्रजी बायबल ओळखले जाते, त्या जेम्स राजाने १६०४ मध्येच तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहून ती मेंदूला आणि फुप्फुसांना घातक असल्याचे म्हटले होते. रोममध्ये मात्र धोरण बदलत राहिले. १६४२ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी सेव्हिलच्या धर्मप्रांतात चर्चमध्ये तंबाखू घेणाऱ्यांना बहिष्काराची धमकी दिली. पुढच्या शतकात पोप तेरावे बेनेडिक्ट यांनी बंदी उठवली, आणि ते स्वतः तपकीर ओढत. व्हॅटिकनमधली सिगारेटविक्री तर पोप फ्रान्सिस यांच्या निर्णयाने २०१८ मध्ये थांबली. एवढी वर्षे ती चालू होती, हे आमच्या त्या तरुणाला बहुधा कोणी सांगितलेले नाही.

त्याने वाचलेले वचन बायबलमधल्या, येशूचा प्रेषित पौल याने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायातले आहे आणि तिथे पौल वेश्यागमनाविषयी बोलत आहे. शरीर प्रभूचे आहे हे तत्त्व बिडीलाही लावता येते, हे मला मान्य आहे. पण ते लावायचे तर शरीराची नासाडी करणाऱ्या प्रत्येक सवयीला लावावे लागेल. उलट बाजूने, माणसाच्या तोंडात जाते ते त्याला विटाळवत नाही, हे प्रभू येशूचे बोल बिडी ओढणारे मोठ्या हौसेने पुढे करतात. तो प्रसंग न धुतलेल्या हातांनी जेवण्याचा होता. फुप्फुसांचे अभय त्यातून काढणे ही पळवाट झाली.

मला पौलाच्या त्याच सहाव्या अध्यायातले बारावे वचन अधिक नेमके वाटते. सर्व गोष्टींची मला मोकळीक आहे, पण मी कोणत्याही गोष्टीच्या अधीन होणार नाही, असे पौल तिथे म्हणतो. अधीन होणे म्हणजे काय, हे मी आमच्या ओसरीवर पाहिले आहे. पावसाळ्यातल्या एका पहाटे बंडल संपलेले असताना काकांनी कोपऱ्यातली विझलेली थोटके गोळा केली, ती नखाने उकलली, उरलेली तंबाखू वर्तमानपत्राच्या कपट्यात गुंडाळली आणि दमट काडी पाचव्यांदा पेटेपर्यंत ते थरथरत्या हातांनी ओढत राहिले. त्या वेळी दुसरे काही त्यांना सुचत नव्हते.

पण हे माप घेतले की ते काकांपाशी थांबत नाही. माझ्या आईला सकाळी मिश्री लावल्याशिवाय चहा गोड लागत नाही, आणि मंडळीतले एक वडीलधारे सभासद कमिटीच्या बैठकीत टेबलाखाली तंबाखूला चुना चोळतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले १०.७ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे आढळले, तर धूररहित तंबाखू वापरणारे २१.४ टक्के. त्यांना प्रभुभोजनापासून कोणी अडवत नाही, कारण त्यांच्या कपड्यांना वास येत नाही.

एका ठिकाणी मात्र मी पाप हा शब्द कचरल्याशिवाय वापरतो. दारे लावलेल्या दोन खोल्यांच्या घरात काका बिडी ओढत आणि तिथेच त्यांची दम लागणारी नात झोपत असे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दुसऱ्याच्या धुरामुळे जगात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे मरतात. शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करा, ही आज्ञा तिथे सरळसरळ मोडली जाते. मी हे काकांना तोंडावर सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण त्या रात्रीपासून ते बिडीसाठी अंगणात जाऊ लागले.

प्रभुभोजनाबद्दल तर पौलाने त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात लिहिले आहे, की माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावे व प्यावे. दुसऱ्याची परीक्षा करून त्याला ताटावरून उठवावे, असे तिथे म्हटलेले नाही. हे मी काकांना वाचून दाखवले. “आधी सुटू दे रे, मग येतो,” एवढेच ते म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात पुतणीने तंबाखू सोडण्यासाठीच्या मोफत सेवेचा १८००-११-२३५६ हा क्रमांक त्यांना लावून दिला. समोरच्या बाईने दिवसाला किती बिड्या, असे विचारले आणि काकांनी प्रथमच खरा आकडा सांगितला. आता एक बंडल त्यांना तीन दिवस पुरते. प्रभुभोजनाच्या रविवारी मात्र ते अजून लिंबाखालीच उभे असतात.