माउंट होपमधला सिंग

मी कॅनडात किचनरला एका लँडस्केपिंगवाल्याकडे कामाला आहे. आलो होतो शिकायला, शिक्षण झालं, आणि डिग्रीचा जॉब मिळेपर्यंत म्हणून जे काम धरलं ते अजून चालूच आहे, असो. उन्हाळ्यात गवत, हिवाळ्यात बर्फ, मधे पानं. मेपलची पानं फोटोत लय भारी दिसतात पण ओली झाली की चिखलासारखी चिकटून बसतात, ब्लोअर मारला तरी ढिम्म हलत नाहीत.

त्या दिवशी माउंट होप स्मशानभूमीत काम होतं. नोव्हेंबरचा पहिला आठवडा. रविवारी कसला तरी कार्यक्रम आहे म्हणून सुपरवायझरने एक कोपरा दाखवून सांगितलं, इथे एक पान दिसता कामा नये, आणि दगडाला मशीन लावायची नाही, अक्षरांत काही अडकलं असेल तर नुसतं पाणी आणि मऊ ब्रश. मी आपला पानं ओढतोय. आजूबाजूला सगळी वेबर, श्मिट असली जर्मन नावं, कारण हे गाव 1916 पर्यंत बर्लिन होतं, मग युद्धात ते नाव टोचायला लागलं म्हणून बदलून किचनर केलं, तोच लॉर्ड किचनर जो आधी हिंदुस्थानात सरसेनापती होता. त्या नावांमध्ये एकदम दिसलं, सिंग. आणि तारीख 27 ऑगस्ट 1919.

मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे अपशिंगे मिलिटरी नावाचंच गाव आहे, घरटी एक फौजी, त्यामुळे पहिलं महायुद्ध म्हटलं की डोक्यात आपली ब्रिटिशांची हिंदी पलटणच येते. वाटलं त्यातलाच कोणीतरी इथे कसा आला बुवा. आणि युद्ध तर 1918 च्या नोव्हेंबरात संपलं, मग हा 1919 ला कसा गेला?

तेवढ्यात मागून आवाज आला, "पुत्तर, जरा संभल के." एक म्हातारे सरदारजी, हातात पाण्याची बाटली आणि जुना टूथब्रश. गुडघे वाकत नव्हते म्हणून त्यांनी ब्रश माझ्याच हातात दिला आणि स्वतः उभं राहून सांगत बसले. मी विचारलं, अंकलजी, हे ब्रिटिश इंडियन आर्मीतले ना? तर म्हणाले, ना ना, हा इथे भरती झाला, कॅनडाच्या पायदळात. बुकम सिंग. कॅनडाच्या सैन्यातून त्या युद्धात लढलेले शीख हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे, त्यातला एक.

1893 चा जन्म, पंजाबातल्या माहिलपूरचा. दहाव्या वर्षी लग्न लागलं, आणि 1907 मध्ये, म्हणजे जेमतेम चौदाचा असताना, एकटा कॅनडाच्या पश्चिम टोकाला, ब्रिटिश कोलंबियात. त्याच वर्षी तिथे हिंदी लोकांचा मताचा हक्क काढून घेतला. पुढच्या वर्षी कायदा आला की मायदेशातून कुठेही न थांबता थेट आलात तरच आत या, आणि तसं थेट जहाज तर नव्हतंच. म्हणजे नाही म्हणायचं नाही पण येऊही द्यायचं नाही. बायकोला आणायची वाट तिथेच बंद झाली. 1914 ला कोमागाटा मारू जहाजातून आलेली 376 हिंदी माणसं व्हँकूवरच्या बंदरात दोन महिने अडकवली आणि बहुतेकांना परत पाठवलं, आणि 1915 मध्ये हा पठ्ठ्या, ओंटारिओत शेतमजुरी करणारा, स्मिथ्स फॉल्सला जाऊन सैन्यात नाव घालतो! का घातलं असेल? पगार, इज्जत, नुसता हट्ट, मला तरी हट्टच वाटतो.

विसाव्या बटालियनमधून फ्लँडर्सला, म्हणजे बेल्जियमकडच्या आघाडीवर गेला. 1916 मध्ये दोनदा जखमी झाला. एकदा उपचार झाले ते डॉक्टर जॉन मॅक्रे होते त्या हॉस्पिटलात, हेच ते मॅक्रे ज्यांची युद्धात मेलेल्या सैनिकांवरची, पॉपीच्या फुलांची कविता नोव्हेंबरात इथे शाळाशाळांत म्हणतात, आणि गाव त्यांचं शेजारचं ग्वेल्फ. गोळ्यांतून वाचला पण इंग्लंडमध्ये टीबी निघाला. परत आणून इथल्या सैनिकांच्या हॉस्पिटलात ठेवलं आणि तिथेच गेला, पंचविसाव्या वर्षी. बायको पंजाबातच. तिचं नाव प्रीतम कौर, हे सांगताना सरदारजी जरा थांबले.

त्यानंतर जवळजवळ 90 वर्षं कोणाला पत्ता नाही. मग संदीपसिंग ब्रार नावाच्या अभ्यासकाला लंडनच्या एका दुकानात त्याचं त्या युद्धाचं व्हिक्टरी मेडल सापडलं. त्या मेडलच्या कडेवर सैनिकाचं नाव कोरलेलं असतं, त्यावरून माग काढत काढत हा दगड मिळाला. नुसत्या कडेवरच्या अक्षरांवरून!

मी तोपर्यंत 1919 मधल्या नऊच्या पोटातला शेवाळाचा ठिपका काढत होतो, निघता निघत नव्हता. माझ्या बायकोच्या व्हिसाची फाईल तेव्हा अकरा महिने अडकलेली, रोज रात्री व्हिडिओ कॉलवर तोच विषय, त्यामुळे मी मान वर केलीच नाही. सरदारजींनी उरलेलं पाणी दगडावर ओतलं आणि म्हणाले, रविवारी ये, चहा मिळेल.

गाडीत सुपरवायझर ओरडला, एवढ्याशा कोपऱ्याला दीड तास? म्हटलं पानं लय होती. वर तो म्हणाला रविवारपर्यंत परत पडतील, शनिवारी अजून एक राउंड मारायला लागेल, कोण येतंय? शनिवारची शिफ्ट मी कधी घेत नाही, पण हात वर केला.