हा माझं पान बघतोय

सकाळी पावणेदहाला मी पोचले तेव्हा सर आधीच येऊन बसले होते. समोर गेम बॉय हे हातात धरून खेळायचं यंत्र, शेजारी चौकटीची वही, वहीवर पेन्सिल. माझी बॅगही खाली ठेवून झाली नव्हती, तेवढ्यात म्हणाले, “तुझा कॉम्प्युटर माझं पान बघतोय.”

सर गणिताचे निवृत्त शिक्षक. आमच्या गेमची चाचणी करायला आठवड्यातून दोनदा येत. आम्ही चौघं मिळून गेम बॉयसाठी नवी कार्ट्रिज, म्हणजे यंत्रात खुपसायची गेमची डबी, बनवत होतो. १९८९ सालचं ते यंत्र, पण त्याच्यासाठी आजही हौसेने आणि नेटाने गेम लिहिले जातात. आमचा गेम होता जहाजांच्या लढाईचा, बॅटलशिपच्या धर्तीवरचा. मूळ खेळ कागद-पेन्सिलीचा, पहिल्या महायुद्धाच्या आसपासच्या काळातला. १९३१ साली तो ‘साल्व्हो’ नावाने छापील वह्यांमधून विकला गेला. १९६७ साली मिल्टन ब्रॅडली या खेळ बनवणाऱ्या कंपनीने त्याला प्लॅस्टिकचं रूप दिलं: उघडून उभं करायचं झाकण, लागलेल्या नेमाला लाल खुंटी, पाण्यात पडलेल्याला पांढरी. प्रत्येकाचा दहा बाय दहा घरांचा समुद्र आणि त्यात समोरच्यापासून लपवलेली पाच जहाजं; एकेक घर पुकारून नेम मारायचा. विमानवाहू ५ घरांची, युद्धनौका ४, क्रूझर ३, पाणबुडी ३, विनाशिका २. एकूण १७ घरं. ती ज्याने आधी शोधली तो जिंकला.

शंभर घरांचा हा समुद्र गेम बॉयच्या पडद्यावर बसवणं हेही एक कामच होतं. पडदा १६० बाय १४४ पिक्सेलचा आणि चित्रं ८ बाय ८ च्या तुकड्यांनी बनतात, म्हणजे आडवे २० तुकडे. एका घराला एक तुकडा दिला तर दोन्ही समुद्र शेजारी शेजारी काठोकाठ बसतात आणि अक्षर-आकडे लिहायला एक रकानाही उरत नाही. शेवटी एका वेळी एकच समुद्र दाखवायचा आणि बटण दाबून दुसऱ्याकडे जायचं असं ठरलं. ते चित्रांचं काम दुसऱ्याचं होतं. कॉम्प्युटर प्रतिस्पर्धी मी लिहिला होता.

“तो बघतोय” ही तक्रार माझ्या ओळखीची होती. माणसाला यंत्राचा एखादा नेम चपखल बसला की तो लक्षात राहतो, पाण्यात पडलेले दहा विसरले जातात. म्हणून मी सरांसमोर खुर्ची ओढून घेतली आणि शांतपणे समजावायला लागले. आंधळेपणाने नेम मारत गेलं तर सगळी १७ घरं लागेपर्यंत सरासरी ९५ नेम लागतात, म्हणजे जवळजवळ सगळा समुद्र संपतो. पण सगळ्यात छोटं जहाज दोन घरांचं असल्यामुळे बुद्धिबळाच्या पटासारखं एकाआड एक घर तपासलं तरी पुरतं. शंभराऐवजी पन्नास. शिवाय सगळी घरं सारखी नसतात. कोपऱ्यातल्या घरावरून पाचही जहाजं मिळून १० प्रकारेच जाऊ शकतात, मधल्या घरावरून ३४ प्रकारे. म्हणून तो मध्यात जास्त नेम मारतो. तुमची जहाजं मध्यात असली की वाटतं, त्याने बघितलं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मध्येच ३४ चा हिशेब वहीच्या कोपऱ्यात करून पाहिला, मान डोलावली. मग म्हणाले, “बरोबर आहे. पण हे सगळं पहिला नेम कसा लागतो त्याचं झालं. मी तिसऱ्या नेमाबद्दल बोलतोय.”

आणि त्यांनी वही माझ्याकडे फिरवली.

पानावर सात डावांचे सात चौकोन होते. प्रत्येक डावात त्यांनी क्रूझर आणि पाणबुडी एकमेकींना चिकटून उभ्या ठेवल्या होत्या. क्रूझर चौथ्या रकान्यात डी, ई, एफ या ओळींवर. पाणबुडी तिच्या शेजारी पाचव्या रकान्यात, त्याच ओळींवर. (काही जण कागदावर खेळताना दोन जहाजांमध्ये एक घर मोकळं सोडायचा नियम पाळतात. आमच्या गेममध्ये जहाजं चिकटलेली चालत, आणि सापळा त्यामुळेच शक्य झाला होता.) “आता बघ,” पेन्सिलीचं टोक ठेवत ते म्हणाले. “ई-४ ला त्याचा नेम लागला. शेजारी ई-५ ला मारला, तोही लागला. तू त्याच्या जागी असतीस तर पुढचा कुठे मारशील?”

“ई-६. नाहीतर ई-३.”

“का?”

“दोन आडवे लागलेत, म्हणजे जहाज आडवं आहे.”

“आडवं आहे असं तुला वाटेल. मला वाटेल. कोणालाही वाटेल. सात डावांत चारदा हा आडव्या शेजाऱ्यावर गेला. चारही वेळा पुढचा नेम डी-४ किंवा एफ-४. एकदाही रेषेत पुढे गेला नाही. त्याला कसं कळलं की ही दोन वेगळी जहाजं आहेत?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार हा आकडा लहान आहे, योगायोग असू शकतो, असं मनात आलं. पण तोंडून निघालं नाही, कारण त्या चार चौकोनांकडे बघताना मला आतून माहीत होतं की सर बरोबर आहेत.

गेम एम्युलेटरवर, म्हणजे गेम बॉयची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, चढवला. आमच्या गेममध्ये माणसाच्या ताफ्याचा नकाशा शंभर बाइट्समध्ये, म्हणजे मेमरीच्या शंभर छोट्या कप्प्यांमध्ये असे, एका घराला एक बाइट. त्या शंभर बाइट्सवर मी पहारा लावला: कॉम्प्युटरची पाळी चालू असताना इथलं काहीही कोणी वाचलं की थांब आणि मला दाखव. सरांचाच डाव मांडला. ई-४ लागेपर्यंत सगळं ठीक होतं. नेम मारलेलं घर उघडलं जात होतं, न मारलेल्याला हात लागत नव्हता. म्हणजे माझं कालपर्यंतचं म्हणणं खरं होतं, तो लपलेली जहाजं बघत नव्हता. मग ई-५ लागला. पुढचा नेम ठरवायला त्याने ई-४ आणि ई-५ हे दोन्ही बाइट पुन्हा वाचले, त्यांची तुलना केली आणि दिशा बदलली.

त्या बाइटची रचना मीच केली होती. बाइटमधल्या आठ बिटांपैकी (बिट म्हणजे ० किंवा १ ची एक खूण) सगळ्यात वरचा ‘इथे नेम मारून झाला’ हे सांगायचा. खालचे तीन बिट ‘इथे कोणतं जहाज आहे’ हे सांगायचे, एक ते पाच. जागा वाचवायची म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या. खरं तर गेम बॉयमध्ये कामाला ८ किलोबाइट मेमरी असते, शंभर बाइट वाचवायची काही निकड नव्हती. जहाज बुडालं का हे तपासायला खेळाच्या पंचाला, म्हणजे नियम सांभाळणाऱ्या कोडला, तो क्रमांक लागतोच. पण नेम ठरवणारा भागही तीच घरं वाचत होता. आमच्या नियमात नेम लागला तर फक्त ‘लागला’ एवढंच कळायचं, नाव बुडाल्यावरच. (मिल्टन ब्रॅडलीच्या डब्यातल्या नियमांप्रमाणे खेळणारे लागल्याबरोबर जहाजाचं नावही सांगतात. आम्ही मुद्दाम ते ठेवलं नव्हतं, कारण न सांगण्यात जास्त मजा आहे असं माझं ठाम मत होतं आणि आहे.) माणसाला ‘लागला’ एवढंच कळत होतं. कॉम्प्युटरला ‘क्रूझरला लागला’ आणि ‘पाणबुडीला लागला’ हे कळत होतं. पंच आणि खेळाडू एकाच वहीतून वाचत होते.

मी सरांना हे सांगितलं तेव्हा माझा आवाज नीट नव्हता. आठ महिने मी लोकांना छातीठोकपणे सांगत आले होते की आमचा कॉम्प्युटर प्रामाणिक खेळतो. सर एवढंच म्हणाले, “मग आता भिंत बांध.”

त्या शब्दावर मी बराच वेळ थांबले. टेबलावर हा खेळ खेळताना सगळ्यात महत्त्वाची वस्तू कोणती? खुंट्या नव्हेत, जहाजंही नव्हेत. मधलं उभं झाकण. ते नसेल तर खेळच उरत नाही. टीव्हीला जोडायच्या जुन्या यंत्रांवर दोघांत हा खेळ खेळण्याची खरी अडचण हीच: पडदा एक आणि बघणारे दोघं. गेम बॉयवर मात्र प्रत्येकाच्या हातात स्वतःचा पडदा आणि मध्ये केबल. ती केबल एका वेळी एकच बाइट नेते. एक यंत्र ताल देतं आणि त्या तालावर दोन्हीकडून एकेक बाइट एकाच वेळी इकडून तिकडे जातो. आमच्या दोन माणसांच्या डावात त्या केबलवरून फक्त एवढंच जायचं: ‘ई-५’. आणि परत यायचं: पाणी, लागला, किंवा बुडाला आणि कोण. ताफ्याचा नकाशा कधीच पलीकडे जात नव्हता. म्हणजे भिंत आमच्याकडे आधीच बांधलेली होती, फक्त कॉम्प्युटरशी खेळताना आम्ही तिच्याशिवाय खेळत होतो.

मग कॉम्प्युटरलाही केबलच्या पलीकडे बसवायचं ठरवलं. केबल खरी नाही, पण दार तेच. त्याने घर सांगायचं, पंचाने एका बाइटचं उत्तर द्यायचं, आणि त्याला स्वतःची वेगळी शंभर बाइट्सची वही. माणसाच्या ताफ्याचा पत्ताच त्याच्या कोडमध्ये ठेवला नाही. कोड कमीच झाला. वेळ गेला तो पुढच्या भागात, कारण आता त्याला खरोखर विचार करावा लागणार होता. ‘पाणबुडी बुडाली’ असं कळल्यावर लागलेल्या घरांपैकी पाणबुडीची कोणती हे आता कोणी सांगत नव्हतं. त्याने वहीत बघून बसेल अशी मांडणी शोधायची, आणि दोन मांडण्या बसत असतील तर दोन्ही शक्यता मनात ठेवून पुढचा नेम निवडायचा. जेवायची आठवण झाली तेव्हा चार वाजले होते. सर गेले नव्हते. खिडकीपाशी बसून कागदावर तेच उलगडत होते: सहा घरं लागली, तीन घरांचं जहाज बुडालं, तर उरलेली तीन कोणती? त्यांनी एक मांडणी काढून दिली जिच्यात माझा कोड चुकत होता. ती दुरुस्त करायला आणखी दीड तास गेला.

साडेसातला पहिला डाव लावला. सरांनी तीच दोन जहाजं तिथेच उभी केली. खोलीत आम्ही दोघंच होतो. कॉम्प्युटर मध्यात चाचपडत राहिला, पाणी, पाणी, युद्धनौकेला एक लागला, ती बुडवली, पुन्हा पाणी. बऱ्याच वेळाने ई-४. लागला. मग डी-४. मी उसासा टाकला, या डावात सापळा हुकला. सरांनी डाव मोडला आणि पुन्हा मांडला. तिसऱ्या डावात आलं: ई-४ लागला, ई-५ लागला.

ई-६. पाणी.

सर काही बोलले नाहीत. पेन्सिलीने वहीत गोल केला.

ई-३. पाणी.

आता त्याच्या वहीत दोन लागलेली घरं होती, दोन्ही टोकांना पाणी, आणि विनाशिका बुडाल्याचं कोणी सांगितलेलं नव्हतं. म्हणजे ही एक आडवी नौका असूच शकत नव्हती. पडद्यावरचा नेमाचा चौकोन क्षणभर थांबला (तो थांबा आम्हीच घातलेला आहे, हिशेब त्याच्या आधीच झालेला असतो) आणि डी-४ वर गेला. लागला.

“आता याने ओळखलं,” सर म्हणाले. “मघाशी याला माहीत होतं.”

तो डाव सर जिंकले, पुढचा हरले. हरलेल्या डावाचा चौकोन त्यांनी दोनदा तपासला आणि पान उलटलं. मग चश्मा काढून डोळे चोळत म्हणाले, “नेम पाण्यात पडल्यावर जो आवाज करतोस ना, तो फार लांबतो. पुढचं घर निवडायचं असतं आणि हा अजून बुडबुडतोय.” मी ते लिहून घेतलं.