बडोद्यात गोळ्या मिळत असताना मी सुरतेला का जातो

हा प्रश्न मला समुपदेशक ताईंनी विचारलाय, संस्थेतल्या मुलांनी विचारलाय, एका मैत्रिणीने तर भांडून विचारलाय. बडोद्यात एआरटी केंद्र आहे, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देणारं सरकारी केंद्र. गोळ्या तिथेही फुकट आणि अगदी त्याच. दांडिया बाजारातून रिक्षा केली की झालं. मग हा माणूस पहाटेची गाडी पकडून एकशेतीस किलोमीटर का जातो, रजा का घालवतो? दरवेळी मी "सवय झालीय" म्हणून विषय संपवला. आता पुन्हा विचारलंत म्हणून नीट लिहितो. एचआयव्ही म्हणजे काय, तो कसा पसरतो, हे तुम्हाला माहीत आहे. त्यात शिरत नाही.

आधी एक स्पष्ट करतो. मला गोळ्यांची लाज वाटत नाही. रोज रात्री जेवणानंतर घेतो, चुकवत नाही. माझ्या व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याच्या, रिपोर्टात विषाणू सापडत नाही. २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात युरोपातल्या ७८२ समलिंगी जोडप्यांचा अभ्यास छापून आला. त्यांत एकाला एचआयव्ही होता, गोळ्या चालू होत्या, विषाणू दबलेला होता, दुसऱ्याला नव्हता. निरोध न वापरताही जोडीदाराकडून जोडीदाराला झालेली लागण शून्य. तेव्हा मी कुणाला धोका आहे म्हणून लपतो, असं कृपा करून समजू नका.

मला आजाराचं नाव सांगायची भीती नाही. त्याच्या मागोमाग येणाऱ्या "कसा झाला?" ची आहे. बायकामुलं असलेल्या माणसाला हा प्रश्न विचारला तर तो खोटं बोलू शकतो, गप्प बसू शकतो, लोक रागावतात आणि कधीतरी सोडूनही देतात. मी अविवाहित. माझ्याकडून एक उत्तर मिळालं की दोन बातम्या बाहेर पडतात: एचआयव्हीची आणि मी समलिंगी असल्याची. आणि बडोद्यातली मराठी वस्ती केवढीशी! कुणाची आत्या कुठे दिली आहे हे सगळ्यांना पाठ. राजपीपळ्याच्या राजघराण्यातल्या मानवेंद्रसिंह गोहिलांनी २००६ मध्ये वर्तमानपत्रातून आपण समलिंगी असल्याचं सांगितलं, तेव्हा तिथे त्यांचे पुतळे जाळले गेले. आमच्या घरात तो पेपर घडी घालून कपाटावर ठेवला गेला आणि त्यावर कुणी एक शब्द बोललं नाही. त्या न बोलण्यातून मी सगळं ऐकलं असंच म्हणायचं.

आता २०१४ चं सांगतो.

जानेवारी महिना. भगंदराचं ऑपरेशन ठरलं होतं, शहरातल्याच एका खासगी रुग्णालयात. आदल्या दिवशी रक्त घेतलं. कशाकशाची तपासणी करणार हे कुणी सांगितलं नाही, मला विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी, हिरवा गाऊन घालून मी खाटेवर बसून होतो. नंबर लागेना. माझ्या नंतरचा आत गेला, त्याच्या नंतरचाही गेला. नर्सबाई सलाईन घेऊन आल्या आणि माझ्याकडे न बघता परत गेल्या. मग सर्जन आले. पाच-सहा खाटांचा वॉर्ड, मध्ये नुसते पडदे. उभ्याउभ्याच त्यांनी गुजरातीत विचारलं, "लग्न झालंय?" नाही म्हटलं. "पुरुषांकडे जातोस?" आवाज खाली आणायची त्यांना गरज वाटली नाही. दादा पडद्यापलीकडे चहाचा थर्मास घेऊन उभा होता. मी गप्प. ते म्हणाले, "जागा बघितली तेव्हाच मला कळलं होतं. सुप्रीम कोर्टाने आत्ताच सांगितलंय, हा गुन्हा आहे." कोर्टाबद्दल ते खोटं बोलत नव्हते. महिन्याभरापूर्वी, ११ डिसेंबरला, कोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम पुन्हा उभं केलं होतं.

मग त्यांनी पडदा सरकवला आणि रिपोर्ट दादाला सांगितला. मला नाही. काहीतरी आहे हे मला दादाच्या चेहऱ्यावरून कळलं आणि काय आहे ते फाइलवरून, लाल पेनने, मोठ्या अक्षरांत.

ऑपरेशन झालं नाही. "आमच्याकडे तशी सोय नाही," असं काउंटरवर सांगितलं. तशी सोय म्हणजे हातमोजे, चष्मा आणि निर्जंतुक केलेली हत्यारं. ती तर प्रत्येक रुग्णासाठी असायला हवीत, कारण कुणाच्या रक्तात काय आहे हे दरवेळी कुठे माहीत असतं? मी कपडे बदलत असताना वॉर्डबॉयने माझी चादर चिमट्याने उचलली. तो आमच्याच पोळीत, म्हणजे गल्लीत, राहायचा. त्याने मला ओळखलं, मी त्याला. दोघंही काही बोललो नाही. संध्याकाळी शेजारच्या काकू आईला विचारायला आल्या की पोराला नक्की काय झालंय, आणि विचारताना उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. त्या वर्षी गणपतीची मूर्ती आणायला दादा एकटाच गेला. लहानपणापासून आम्ही दोघं जायचो.

ऑपरेशन शेवटी सुरतेला झालं. दादा बरोबर आला होता, रस्ताभर न बोलता. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, उठून दार लावून घेतलं आणि मला विचारलं, "बाहेर भाऊ बसलेत. त्यांना काय सांगायचं आणि काय नाही?" भावाला सगळं आधीच माहीत होतं. तरी मी त्या खुर्चीत बसून रडलो, कारण हे विचारायचं असतं हेच मला तोवर माहीत नव्हतं. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या खोलीत आहे.

तुम्ही म्हणाल, मग उपचार तेव्हाच का नाही सुरू केलेस? त्या वेळी सीडीफोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, ३५० च्या खाली गेल्यावर गोळ्या सुरू व्हायच्या. माझे वर होते. दर सहा महिन्यांनी मोजायला जायचं होतं. मी गेलो नाही. याला बेपर्वाई म्हणणाऱ्यांशी मी आजही वाद घालेन. ज्या दारात जाऊन आपली अब्रू गेली, तसल्या दारात ठणठणीत असताना कोण पाऊल टाकतं? २०१७ मध्ये नियम बदलला, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की लगेच गोळ्या. तोवर माझं वजन उतरायला लागलं होतं. मी सुरतेत नाव नोंदवलं.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०१७ च्या आकड्यांत देशातल्या प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ०.२२ टक्के होतं, पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये २.६९ आणि तृतीयपंथीयांमध्ये ३.१४. हे आकडे दाखवून लोक मला सांगतात की बघा, तुमच्यात जास्त आहे. मला त्यात तो पडदा दिसतो. त्याच्याआड नाव नोंदवायला न गेलेली माणसं दिसतात.

२०१४ मधला मी स्वतःशी म्हणायचो की कायदा बदलू दे, मग बडोद्यातच जाईन, ताठ मानेने. कायदा बदलला. ६ सप्टेंबर २०१८ ला ३७७ च्या कचाट्यातून आम्ही सुटलो. १० सप्टेंबरला एचआयव्हीचा कायदा लागू झाला: संमतीशिवाय तपासणी नाही, संमतीशिवाय कुणाला सांगणं नाही, उपचार नाकारणं नाही. चार दिवसांत दोन्ही. त्याच आठवड्यात गणपती बसले आणि मूर्ती आणायला दादाने मला हाक मारली. आणि पुढच्या महिन्यात मी पहाटे उठून सुरतेची गाडी पकडली. तेव्हाच्या मला हे पटलं नसतं. आत्ताच्या मलाही पूर्ण पटतं असं नाही.

कारण लॉकडाऊनमध्ये गाड्या बंद झाल्या, तेव्हा मी बडोद्याच्या केंद्रातच गोळ्या घेतल्या. जवळच्या केंद्रातून घेता येतील, असं सुरतेच्या ताईंनी फोनवर सांगितलं. काहीही वाईट झालं नाही. खिडकीतल्या भाऊंनी डबे कागदी पिशवीत घालून दिले, तब्येत सांभाळा म्हणाले. पण तेव्हा सगळ्यांच्याच तोंडाला मास्क होता. गाड्या सुरू झाल्या आणि मी परत सुरतेला जायला लागलो.

भांडणारी मैत्रीण हिजडा आहे, लोक तिला मासीबा म्हणतात. ती बडोद्यातच जाते. आधारवर पुरुषाचं नाव होतं तेव्हा तेच नाव मोठ्याने पुकारायचे आणि साडी नेसलेली ती उठून उभी राहायची. एकदा तापात दाखल करायचं होतं, तर पुरुषांच्या वॉर्डात की बायकांच्या, हे ठरेपर्यंत ती तास न् तास बाकावर पडून होती. ती मला म्हणते, "तुला लपता येतं म्हणून तू लपतोस. मला येत नाही. तुझ्यासारखे सगळे सुरतेला गेले तर इथल्या रांगेत माझ्याबरोबर कोण उभं राहणार?"

याला माझ्याकडे उत्तर नाही. राग येतो, कारण तिचं खरं आहे. आणि माझंही खोटं नाही. तो वॉर्डबॉय आता नाही त्या पोळीत, दादा बोलतो, काकू वारल्या. तरी रांगेत मागून कुणी मराठीत बोललं की माझी पाठ ताठ होते.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे, तिला दिवसभर एकटं सोडणं अवघड होत चाललंय. त्यामुळे मागच्या खेपेला मी ताईंना विचारलं की ट्रान्सफरला काय लागतं. त्या म्हणाल्या, एक अर्ज, तुम्ही म्हणाल तेव्हा. मी अजून म्हटलेलं नाही. पुढची तारीख सुरतेचीच घेऊन आलोय.